डिंकबाई आणि पान एकतीस

आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना मुलं डिंकबाई म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण बाईंना ते नाव आवडायचं. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांवर कायम वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा असायचा, आणि बोलता बोलता त्या तो नखाने सोलत बसायच्या. वडील बाइंडर होते. फाटलेल्या पुस्तकाला शिलाई घालणं, कोपऱ्यांना कापड चिकटवणं, पुठ्ठा वजनाखाली दाबून ठेवणं हे सगळं त्या अक्षरओळख व्हायच्या आधीच शिकल्या होत्या. नवीन पुस्तक हातात आलं की आधी त्याची बांधणी दाबून बघायच्या, मग नाव वाचायच्या. "हे दोन महिन्यांत पानं टाकणार," असं त्या म्हणाल्या की ते पुस्तक दोन महिन्यांत पानं टाकायचंच.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवत होतो. माझी प्रयोगशाळा आणि त्यांची लायब्ररी यांच्यामध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक दार होतं. दाराची कडी मोडलेली, त्यामुळे ते कधी नीट बंद होत नसे. पुढे जे झालं त्यातलं बरंचसं मी त्या दारातून पाहिलं, थोडं ऐकलं, आणि एके दिवशी मला त्यात हातही वर करावा लागला.

लायब्ररी म्हणजे तीन खिडक्यांची एक लांबट खोली. खिडक्यांखाली बुटकी शेल्फं, ती चौथीपर्यंतच्या मुलांची. समोरच्या भिंतीला उंच शेल्फं, ती पाचवीपासून पुढच्यांची. दारापाशी बाईंचं टेबल, त्यावर डिंकाची बरणी, कात्री आणि एक लांब वही. बाईंचा एक नियम होता: स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कुठलंही पुस्तक शेल्फवर जायचं नाही. वाचून झालं की वहीत दोन ओळी लिहायच्या. त्या ओळी मी कधी कधी डब्याच्या सुट्टीत गंमत म्हणून वाचायचो. "गोष्ट चांगली. कुत्रा मरतो. घेणाऱ्याला आधी सांगावं." "चित्रं सुंदर, मजकूर लेखकाने झोपेत लिहिला असावा." "तिसरीतल्या मुलांना खूप आवडेल. त्यांच्या आयांना अजिबात नाही." सत्तावीस वर्षांत अशा बावीस वह्या भरल्या होत्या.

चौथीत एक मुलगी होती. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव प्रश्नवाली. तिच्या प्रवेशाच्या अर्जावर आईचं नाव होतं आणि वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ. शाळेत सोडायला एक दिवस आई यायची, एक दिवस दुसरी एक बाई. ती कोण, असं विचारलं की आई "मावशी" म्हणून सांगायची. कोणी त्याहून खोलात गेलं नव्हतं.

ही प्रश्नवाली एका मधल्या सुट्टीत बाईंच्या टेबलापाशी आली. "बाई, आमच्या घरासारखं घर असलेलं पुस्तक आहे का?"

बाईंनी तिला मोठ्या आकाराचं एक चित्रांचं पुस्तक काढून दिलं. त्यात लाकडाची घरं, विटांची घरं, पाण्यावर तरंगणारी घरं. मुलीने ते नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं.

"छान होतं," ती म्हणाली. "पण मी घरातल्या माणसांबद्दल विचारत होते."

"म्हणजे कसं?"

"दोन आया असलेलं. नसेल तर दोन बाबा असलेलं. दोन बाबा पण चालतील."

बाईंनी "बघते हं," म्हटलं. मुलगी गेल्यावर त्या मोडक्या कडीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी परीक्षानळ्या धूत होतो.

"सर, माझ्याकडे सात हजार पुस्तकं आहेत. भुतांची किती असतील?"

"असतील पन्नास."

"एकशे चार. आत्ता मोजून आले. बोलणारी अस्वलं मोजायला बसले तर शाळा सुटेल. आणि त्या पोरीच्या घरासारखं घर एकाही पुस्तकात नाही. सत्तावीस वर्षं झाली, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

एवढं बोलून त्या परत टेबलाशी गेल्या. त्यात कसला आवेश नव्हता. यादीत एखादा विषय राहून गेला, तो भरायला हवा, अशाच सुरात त्या बोलल्या होत्या.

पुस्तक शोधायला दोन महिने लागले. विक्रेत्याकडून त्यांनी वाचून बघायला चार पुस्तकं मागवली आणि त्यातली तीन परत पाठवली. एकात पानोपानी उपदेश होता. "हे पुस्तक नाही, सूचनाफलक आहे," असं वहीत लिहिलं गेलं. दुसऱ्यात सगळे जण सारखे रडत होते. तिसरं बरं होतं, पण बाईंनी बांधणी दाबली आणि मधली चार पानं त्यांच्या हातात आली. चौथं राहिलं.

चौथ्याची गोष्ट अशी: एक मुलगी सुट्टीत मामाकडे जाते. मामा घड्याळं दुरुस्त करतो, आणि त्याच घरात मामाचा जोडीदार राहतो, तो पत्रं वाटतो. त्यांचं कासव हरवतं. सगळी गल्ली पालथी घालतात, आणि शेवटी ते कासव घड्याळांच्या खोक्यात सापडतं. एकतिसाव्या पानावर मुलगी विचारते, "तुम्ही दोघं एकाच घरात का राहता?" मामा म्हणतो, "कारण आमचं एकमेकांवर प्रेम आहे. शिवाय कासवाला रोज या घरातून त्या घरात न्यायचा आम्हाला कंटाळा येतो." पुढच्या पानापासून पुन्हा शोधाशोध सुरू. अठ्ठेचाळीस पानांत त्या विषयावर तेवढ्या दोन ओळी.

वहीत बाईंनी लिहिलं: "गोष्ट चांगली. कासव सापडतं. पान ३१ वरून घरी प्रश्न येऊ शकतो. उत्तर पुस्तकातच आहे. शिलाई पक्की." आणि पुस्तक खिडकीखालच्या बुटक्या शेल्फवर ठेवून दिलं.

प्रश्नवालीने ते दोनदा नेलं. बाईंना काही बोलली नाही, फक्त दुसऱ्यांदा परत देताना म्हणाली, "आमच्याकडे मांजर आहे." मग ते इतर मुलांनीही नेलं, कारण मुखपृष्ठावर कासव होतं.

अकरावी वाचक होती तिसरीतली एक मुलगी, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांची. तिच्या आईने एकतिसावं पान पाहिलं, फोनवर फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. शुक्रवारी संध्याकाळी फोटो गेला आणि सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर नऊ चिठ्ठ्या होत्या. बेकरीवाल्यांनी मात्र चिठ्ठी पाठवली नाही. ते स्वतः आले. बाई गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडूनच रोज पाव घ्यायच्या. दुकान बंद करून ते तसेच आले होते, कोपरापर्यंत पीठ.

"बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे."

"अशी कोणी सुरुवात केली की मी खुर्ची घट्ट धरते," बाई म्हणाल्या. "बोला."

ते हसले नाहीत. "आम्ही श्रद्धा पाळणारी माणसं. समलिंगी माणसांचं घर आमच्या श्रद्धेत बसत नाही. मी कोणाचा द्वेष करत नाही. माझ्या दुकानात कोणीही येवो, पाव सगळ्यांना सारखाच. पण माझ्या आठ वर्षांच्या मुलीला हे कधी सांगायचं, कसं सांगायचं, सांगायचं की नाही, ते आई-बाप ठरवणार. शाळेने परस्पर का ठरवलं?"

"मला विचार करू द्या," एवढंच बाई म्हणाल्या. नंतर माझ्याशी बोलताना म्हणाल्या, "तो माणूस नुसता चुकला असता तर बरं झालं असतं हो. निम्मं त्याचं बरोबर आहे."

मग बोलणं पसरलं. बाईंच्या घरात कोणी तसं आहे का, मुलगा परगावी असतो त्याचं काय, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीतही झाली. भाषेच्या बाईंनी तर त्यांना सरळच विचारलं. डिंकबाई म्हणाल्या, "माझ्या घरी कासवसुद्धा नाही, तरी कासवावर सहा पुस्तकं आहेत माझ्याकडे." भाषेच्या बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि तो राग त्यांनी पुढे बरेच दिवस जपून ठेवला.

घरीही धड नव्हतं. बाईंच्या घरी त्यांच्या थोरल्या वन्सं राहायच्या. शिवणयंत्रावर काम करायच्या आणि आठवड्यातून दोनदा प्रार्थनेला जायच्या. तिथल्या बायकांकडून त्यांना कळलं.

"पोरांच्या हातात असलं द्यायला तुला काही वाटलं कसं नाही?"

"वन्सं, तुम्ही वाचलंय का ते?"

"मला वाचायची गरज नाही."

त्या दिवसापासून वन्संनी बोलणं टाकलं. दोघी एकाच स्वयंपाकघरात, पण निरोप बाईंच्या यजमानांमार्फत. "हिला सांग, दूध संपलंय." "त्यांना सांगा, दूध फडताळात आहे." यजमान बसडेपोत मेकॅनिक. मला एकदा बसस्टॉपवर भेटले तेव्हा म्हणाले, "सर, दोन्ही इंजिनं तापलीत. पाणी आधी कुठल्यात घालू तेवढं सांगा."

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि ते चौदा महिने शांतपणे जावेत एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "फेकू नका, परत पाठवू नका. काही दिवस फक्त आत ठेवा. वातावरण निवळू दे."

आणि बाईंनी ते आत ठेवलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक बाईंची गोष्ट सांगताना हा भाग गाळतात. शब्दकोशांच्या कपाटात वरच्या कप्प्यात त्यांनी पुस्तक ठेवलं आणि कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी प्रश्नवाली आली. "बाई, कासवाचं पुस्तक?"

"बाहेर गेलंय," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात ती परत आली. "आलं का?"

"अजून नाही."

त्याच्या पुढच्या आठवड्यात ती आली, पण तिने काही विचारलं नाही. बुटक्या शेल्फांपाशी जरा वेळ उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं आणि गेली.

त्या तीन आठवड्यांत बाई चुका करायला लागल्या. पक्ष्यांचं पुस्तक यंत्रांच्या रांगेत ठेवलं. एका मुलाला दुसऱ्याचं कार्ड दिलं. एका दुपारी त्या दारात येऊन अंगठ्यावरचा डिंक सोलत राहिल्या. मीच म्हटलं, "काय झालं?"

"मी मुलांशी पुस्तकाबद्दल कधी खोटं बोलले नव्हते, सर. हरवलं तर हरवलं म्हणायचे. उंदराने खाल्लं तर उंदराने खाल्लं म्हणायचे. त्या पोरीला मी दोनदा तोंडावर खोटं सांगितलं. आणि तेही बेकरीवाल्यांना अजून उत्तर न देता. म्हणजे मी कोणाशीच सरळ वागलेली नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. शाळेच्या नियमांत कागदावर एक पुस्तक निवड समिती होती. तिची बैठक सहा वर्षांत झाली नव्हती. "ती बोलवा," बाई म्हणाल्या. "समितीने काढा म्हटलं तर मी काढेन आणि मुलांना तसं सांगेन. पण कुलपात ठेवून 'बाहेर गेलंय' म्हणायचं काम माझ्याच्याने होणार नाही." मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि तारीख दिली.

समितीत पाच जण: मुख्याध्यापक, मी, भाषेच्या बाई आणि पालकांचे दोन प्रतिनिधी. त्यातले एक योगायोगाने बेकरीवालेच. दुसऱ्या, औषधांच्या दुकानातल्या ताई, ज्यांचं म्हणणं असं की हे पुस्तक प्रत्येक वर्गात सक्तीने वाचून दाखवलं पाहिजे. ग्रंथपालाने बाजू मांडायची, मत द्यायचं नाही, असा नियम होता.

खरं सांगायचं तर मी तटस्थ राहायचं ठरवून गेलो होतो. दोन्ही बाजूंची मुलं माझ्या वर्गात. उगाच कशाला अंगाशी घ्या, असा हिशोब.

गुरुवारी चार वाजता लायब्ररीत बैठक भरली. मोठ्या खुर्च्या सभागृहात गेल्या होत्या, त्यामुळे आम्ही पाचही जण तिसरीच्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलो. बाईंनी पुस्तक मध्ये ठेवलं.

"तुमच्यापैकी पूर्ण कोणी वाचलंय?"

औषधवाल्या ताईंनी हात वर केला. बाकी आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बेकरीवाले म्हणाले, "मी फोटो पाहिलाय."

"मग आधी वाचू या. प्रत एकच आहे, म्हणून मोठ्याने वाचू. प्रत्येकाने पाच-पाच पानं."

"लहान मुलांसारखं?" भाषेच्या बाई म्हणाल्या.

"त्यांच्याचसाठी आहे ना."

वाचायला पाऊण तास लागला. बेकरीवाल्यांचा आवाज चांगला निघाला, गल्लीतली शोधाशोध त्यांनी अगदी रंगवून वाचली. एकतिसावं पान नेमकं माझ्या वाट्याला आलं. दहावीला वीस वर्षं प्रजनन शिकवलेला माणूस मी, पण "आमचं एकमेकांवर प्रेम आहे" या चार शब्दांशी मी अडखळलो. पाणी प्यालो आणि पुढचं वाचलं. कासवाच्या ओळीला मुख्याध्यापक खुदकन हसले आणि लगेच गंभीर झाले.

पुस्तक मिटल्यावर बाई म्हणाल्या, "आता बोला."

बेकरीवाले म्हणाले, "गोष्ट वाईट नाही. मला वाटलं होतं तसं काही घाण नाही त्यात. पण माझं म्हणणं तेच आहे. माझ्या मुलीचं मी ठरवणार."

"ठरवा," बाई म्हणाल्या. "मला विचार करायला वेळ लागला, पण तुमचं हे म्हणणं मला मान्य आहे. तुमच्या मुलीच्या कार्डावर मी चिठ्ठी लावते. हे पुस्तक तिला तुमच्या परवानगीशिवाय मिळणार नाही. ज्यांना हवी त्या प्रत्येक घरासाठी लावते. पण उरलेल्या तीनशे मुलांचं तुम्ही ठरवू नका. त्यांनाही आई-बाप आहेत. आणि त्यातल्या एका मुलीच्या घरात हे सगळं पुस्तकात नाही, रोजच्या जेवणाच्या टेबलावर आहे. तिला मी काय सांगू? तुझं घर आमच्या लायब्ररीत बसत नाही म्हणून?"

औषधवाल्या ताई पुढे सरसावल्या. "म्हणूनच म्हणते, सगळ्या वर्गांत वाचून दाखवा. चिठ्ठ्या कसल्या लावता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "सक्तीने मी कुठलंच पुस्तक वाचून घेत नाही. शेल्फवर ठेवणं माझं काम. हात मुलाने पुढे करायचा."

"तुम्ही घाबरता."

"घाबरले होते. तीन आठवडे घाबरून बसले होते. आत्ता नाही घाबरत, आणि तरी माझं उत्तर हेच आहे."

ताईंचा चेहरा उतरला. सगळ्यांत जास्त बाजू आपण घेतली आणि बाईंनी आपल्यालाच गप्प केलं, असं त्यांना वाटलं असावं.

मतदान हात वर करून झालं. ठेवावं म्हणणारे कोण, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. ताईंनी तशाच फुगलेल्या तोंडाने हात वर केला. मी खाली बघत होतो. समोर ती बुटकी शेल्फं, आणि कासवाच्या पुस्तकाची जागा दोन पुस्तकांच्या मध्ये रिकामीच. बाईंनी तिथे दुसरं पुस्तक सरकवलं नव्हतं. माझा हात वर गेला. फार धैर्याने गेला असं म्हणवत नाही, पण गेला. विरोधात बेकरीवाले आणि भाषेच्या बाई. दोनास दोन.

मुख्याध्यापकांना आता काखा वर करता येणार नव्हत्या. त्यांनी बराच वेळ पुस्तक उलटसुलट केलं आणि निर्णय दिला: पुस्तक लायब्ररीत राहील, कार्डावर चिठ्ठ्या लावल्या जातील, पण ते बुटक्या शेल्फवरून काढून पाचवीच्या वरच्या शेल्फवर ठेवायचं. दोन वर्षांनी फेरविचार.

"सर, हे सात-आठ वर्षांच्या मुलांचं पुस्तक आहे," बाई म्हणाल्या. "पाचवीतली मुलं कासवाच्या गोष्टी वाचत नाहीत. वर ठेवणं म्हणजे अर्धं लपवणंच झालं."

"बाई, माझ्याने एवढंच होईल."

बाईंनी निर्णय मानला. पण बैठकीच्या नोंदवहीत आपला आक्षेप लिहायला लावला, आणि तो नीट लिहिलाय ना हे वाचून मगच सही केली.

पुस्तक वर लावायच्या आधी त्यांनी एक काम केलं. दुसऱ्या दिवशी प्रश्नवालीला मधल्या सुट्टीत बोलावलं. दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं.

"मी तुझ्याशी खोटं बोलले. पुस्तक बाहेर गेलं नव्हतं. मी कपाटात ठेवलं होतं. चूक माझी."

"मला माहीत होतं," मुलगी म्हणाली.

"कसं?"

"बाई, कपाटाला काच आहे."

बाईंनी वळून कपाटाकडे पाहिलं. दोन्ही दारांना काच होती, सत्तावीस वर्षं होती. शब्दकोशांच्या जाड तपकिरी रांगेत ते हिरवं पुस्तक लांबूनही दिसलं असतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिला पुस्तक दिलं. ती चौथीत होती आणि नियमाने ते आता पाचवीपासून पुढच्यांचं होतं, म्हणून तिच्या आईची सही आणायला लावली. सही दुसऱ्याच दिवशी आली. कागदाखाली दोन सह्या होत्या.

त्यानंतरचे काही महिने जड गेले. चौदा घरांनी मुलांची लायब्ररीची कार्डं परत केली. त्यातली नऊ वर्षअखेरीपर्यंत परत आली, पाच आलीच नाहीत. एका निनावी पत्रात बाईंना जे लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. बाईंनी ते वाचलं, "शुद्धलेखन भयंकर आहे," म्हणाल्या आणि मुख्याध्यापकांकडे देऊन टाकलं. पण त्या दिवशी त्या अर्धा दिवस रजा टाकून घरी गेल्या, हेही खरं.

प्रश्नवालीने पुस्तक परत दिल्यावर बाईंनी ते घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवून दिलं होतं. चारेक दिवसांनी वन्संनी शिवणयंत्रापाशी बसून ते वाचलं. मग जवळजवळ दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा सरळ बाईंशी बोलल्या.

"कासव फार पटकन सापडलं. आणि मला हे काही पटलेलं नाही, ते सांगून ठेवते."

"बरं."

"दूध आणलंस का?"

मत काही बदललं नाही. मात्र त्या दिवसापासून यजमानांची निरोप्याची नोकरी गेली.

बेकरीवाल्यांनी पाव देणं थांबवलं नाही, बाईंनी घेणं थांबवलं नाही. गप्पा तेवढ्या बंद झाल्या. मग पुढच्या वर्षी, त्यांची मुलगी चौथीत असताना, ती बाईंकडे आली. "मला ते पुस्तक हवंय. मागच्या वर्षी आईने मला वाचूच दिलं नाही. सगळे म्हणतात त्यात काहीतरी आहे."

लायब्ररीत दुसरं कोणी नव्हतं. बाईंनी तिचं कार्ड काढलं. "तुझ्या कार्डावर चिठ्ठी आहे. बाबांना विचार. ते हो म्हणाले तर देते."

"त्यांना कळणार नाही."

"मी त्यांना शब्द दिलाय."

मुलीने घरी विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी बेकरीवाले आले. दारातच उभे राहिले.

"तुम्ही दिलं असतंत तरी मला समजलं नसतं."

"हो."

"मग दिलं का नाही?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना, नको म्हणून."

ते आत येऊन टेबलापाशी उभे राहिले. मग म्हणाले, "ज्वालामुखीवरचं काही आहे का? तिला त्याचं वेड लागलंय." बाईंनी तीन पुस्तकं काढून दिली. कासवाच्या पुस्तकाची चिठ्ठी मात्र तशीच राहिली. ती मुलगी आठवीत गेली तेव्हा बेकरीवाल्यांनीच ती काढायला सांगितली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलीला तोपर्यंत त्या पुस्तकात काही रस उरला नव्हता.

दोन वर्षांनी फेरविचाराची बैठक झाली. मुख्याध्यापक निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी नोंदवहीतला आक्षेप वाचला आणि पुस्तक खिडकीखाली परत ठेवायला सांगितलं. भाषेच्या बाईंनी या वेळीही विरोधातच मत दिलं, आणि तसं देण्याचा त्यांना हक्क होता. एव्हाना डिंकबाईंनी शेल्फवर अशी आणखी पाच पुस्तकं आणली होती, तशीच वाचून, तशीच वहीत नोंद करून. एक त्यांनी स्वतःच काढून टाकलं, कारण मुलं ते नेत नव्हती. "विषय चांगला म्हणून कंटाळवाणं पुस्तक जागा अडवणार असेल तर मला नको," असं त्यांचं मत.

ही सगळी हकिकत आसपासच्या शाळांत पोचली होती. बाई निवृत्त व्हायच्या वर्षी एका शनिवारी चार शाळांचे ग्रंथपाल त्यांना भेटायला आले. मीही चहा घेऊन तिथे बसलो. त्यांना यादी हवी होती: कुठली पुस्तकं घ्यावीत? बाईंनी यादी दिली नाही. समितीचा नियम, चिठ्ठीचा नमुना आणि आक्षेपाचं पान दाखवलं, आणि म्हणाल्या, "पुस्तकं तुमची तुम्ही वाचा. माझ्या शाळेतली मुलं तुमच्याकडे नाहीत."

त्यांच्यातल्या एक तरुण बाई एका धार्मिक संस्थेच्या शाळेतून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हे होणारच नाही. मी नुसता विषय काढला तरी नोकरी जाईल. मग मी इथे कशाला आले, असं वाटतंय."

मला वाटलं, आता बाई त्यांना धीर धरा, लढा, असं काही सांगतील. बाईंनी आधी त्यांच्या कपात चहा ओतला.

"तुमच्याकडे कधी एखादं मूल येऊन विचारेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा 'असं काही नसतंच' म्हणू नका. 'आमच्याकडे नाही' म्हणा. ते खरं आहे. आणि सार्वजनिक वाचनालय कुठे आहे, किती वाजता उघडतं, ते सांगा. एवढ्याने नोकरी जाणार नाही ना?"

त्या तरुण बाईंनी जरा विचार केला. "एवढ्याने नाही जाणार."

"मग झालं तर."

तरुण बाईंनी पर्समधून डायरी काढली आणि वाचनालयाची वेळ विचारली. बाईंना ती पाठ होती: सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, सोमवारी बंद.